नग १, वजन ९४

माणसानं स्वतःचं वजन कुठं करावं याला काही जनरीत आहे. दवाखान्यात करावं, फार तर कुणाच्या लग्नाला गेलो असताना यजमानांच्या न्हाणीघरातल्या काट्यावर गुपचूप करावं. मी ते शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या काट्यावर केलं. हेतू वाईट नव्हता. चुलतभावाचा उन्हाळी कांदा घेऊन आलो होतो, लिलावाला वेळ होता, काटा रिकामा होता, आणि रिकामा काटा दिसला की त्यावर उभं राहायचा मोह मला लहानपणापासून आवरत नाही. चढलो. मापाड्यानं सवयीनं आकडा वाचला आणि सवयीनंच कागदावर लिहूनही टाकला : नग १, वजन ९४.

"बारदान वजा करू का, सर?" त्यानं विचारलं.

शेजारचा हमाल माझ्याकडं एकदा समोरून आणि एकदा बाजूनं बघून म्हणाला, "दोन गोण्यांना सहा किलोच कमी. पण उचलायला माणसं मात्र चार लागतील. ह्याला कान नाहीत धरायला."

सत्तावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवतोय. माझा असा अपमान शिक्षणाधिकाऱ्यांनीसुद्धा केलेला नाही. तो कागद खिशात घालून मी घरी आलो आणि तिथंच चूक झाली, कारण आमच्या घरात माझे खिसे सौभाग्यवती धुण्याआधी तपासते. तिनं कागद वाचला, मला काही बोलली नाही. सरळ दौंडला भावाला फोन लावला.

माझा मेहुणा दौंडला रेल्वेत आहे. दौंडचा माणूस रेल्वेत नसला तर राखीव पोलीस दलाच्या शेजारी तरी राहतो. हा दोन्ही करतो. त्यामुळं त्याच्या बोलण्यात इंजिन असतं आणि बोलण्याच्या पद्धतीत परेड असते. त्यानं माझी केस हातात घेतली.

"दाजी, माणसाला तीन डबे असतात. शरीर, मन आणि आत्मा. तिन्ही एका वेळी ओढायचे. एक जरी घसरला तरी मेन लाइन बंद."

"आणि इंजिन?"

"इंजिन म्हणजे प्रेरणा. ती मी पाठवतो."

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. रोज पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी. उगवता सूर्य, त्याच्या खाली कमळ, कमळाच्या खाली एखादं वाक्य, आणि सगळ्यात खाली मेहुण्याचा स्वतःचा सवाल : 'उठलात का, दाजी?' मी उठत असे. फोन वाजल्यावर कोण उठत नाही? उठून फोन उशीखाली सारत असे आणि पुन्हा झोपत असे. म्हणजे इंजिन वेळेवर येत होतं, डबेच यार्डात उभे होते.

सुरुवात शरीरापासून करायची ठरली. पहाटे फिरायला जायचं. आता आमच्या तालुक्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. ज्यांच्या वस्तीवर तो येऊन गेला त्यांच्यासमोर ह्यावर विनोद करायची माझी छाती नाही. पण अंधारात एकट्यानं उसाच्या कडेला जाऊ नका, हे वनखात्याचं सांगणं शिरूर तालुक्यात माझ्याइतकं मनावर कुणीच घेतलं नसेल. सूर्य चांगला हातभर वर येईपर्यंत मी पांघरूण सोडेना. चौथ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आपल्या गल्लीत ऊस फक्त रसवंतीत आहे."

निघालो. उजाडल्यावर फिरणाऱ्यांचं एक टोळकं असतं, त्यात सामील झालो. हे लोक चालण्यासाठी फिरत नाहीत, आजार सांगण्यासाठी फिरतात. एकाची साखर, दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याच्या जावयाचं पित्त. मैदानाला पाच चकरा मारायच्या ठरल्या. दोन झाल्या, आणि तिसरी कुणी न वळवता आपोआप हॉटेलाकडं वळली. साखरवाल्यानं बिनसाखरेचा चहा सांगितला आणि त्याच्याबरोबर दोन प्लेट भजी. "घाम गेलाय, भरून काढायला पाहिजे," असं त्याचं शास्त्र. मीही भरून काढलं. आठवडाभरात घाम जेवढा गेला त्याच्या तिप्पट भरून निघाला.

मग मेहुण्यानं योगासनांचा आदेश काढला आणि त्यासाठी योगाची खास चटई मागवायला लावली. मी मागवली. पत्ता लिहिताना 'शिरूर' एवढंच लिहिलं. आमच्याकडची जुनी माणसं गावाला अजून घोडनदी म्हणतात, आणि ती का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शिरूर बीड जिल्ह्यात आहे, शिरूर कासार. लातूर जिल्ह्यात आहे, शिरूर अनंतपाळ. महाराष्ट्रात माणसं कमी आणि शिरूर जास्त, अशी माझी आता खात्री झालेली आहे. आठ दिवसांनी फोन आला.

"सर का? एक निळी चटई आलीय. नाव तुमचं, गाव आमचं."

"कुठून बोलताय?"

"शिरूर कासार. परत लावून देतो हो, पण जरा आमची अडचण झालीय. मंडळींनी काल त्याच्यावर कुरडया घातल्या. वाळल्या की लगेच पाठवतो."

उन्हाळ्याचे दिवस. बाईच्या कुरडयांखालून चटई ओढून घ्यायला सांगणारा मी कोण? मी मेहुण्याला विचारलं, तोवर घरातल्या सतरंजीवर चालेल का? तो म्हणाला, "सतरंजीवर नको, दाजी. ऊर्जा जमिनीत उतरते." हे शास्त्र त्यानं कुठून आणलं मला माहीत नाही, पण मला ते फार पटलं. चटई येईपर्यंत शरीराचा डबा मी साइडिंगला काढला.

राहिलं मन. मनासाठी ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, रोज एक ओवी, सावकाश, अर्थ लावत. तिसऱ्या दिवशी हिशेब केला. ओव्या सुमारे नऊ हजार. रोज एक म्हटली तरी चोवीस-पंचवीस वर्षं. मी आता बावन्नचा. म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी माझं मन सुधारलेलं असेल. ज्ञानोबांनी ग्रंथ सांगितला तेव्हा त्यांचं वय सोळाच्या आसपास. त्यांना सांगायला लागली त्याहून मला वाचायला जास्त वर्षं लागणार, हे कळल्यावर मन इतकं खचलं की त्या दिवशीची ओवी राहून गेली.

मेहुणा म्हणाला, मग मौन करा. आठवड्यातून एक दिवस. मी नेमका आठवडे बाजाराचा दिवस धरला. मौनात बाजार करणं किती अवघड आहे हे ऋषिमुनींना माहीत नसावं; त्यांना बाजार करायला लावत नसत. मी मेथीच्या ढिगाकडं बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. म्हणजे दोन जुड्या. मावशींनी मेथीच्या पलीकडं बघितलं आणि दोन किलो कारली तोलली. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "कमी वाटतात? बरं, पाव किलो वरून घ्या." मी दोन्ही हात हलवले. "नको म्हणू नका, तुम्हाला साखर दिसतेय." घरी सव्वादोन किलो कारली आली. सौभाग्यवतीनं पिशवी उलटी केली आणि माझ्याकडं बघत राहिली. "बोलत होतात तेव्हा बरं होतं. निदान भाजी तरी बरोबर यायची." पुढचे चार दिवस मी कारली खाल्ली आणि मन अगदी निर्विकार झालं, हे मात्र खरं.

मे महिन्याच्या सुट्टीत आत्म्याला हात घातला. आमच्या बाजूला त्याची सोय उत्तम आहे. अष्टविनायकातला रांजणगावचा महागणपती आमच्याच तालुक्यात, पण तो घरचा. घरच्या देवाकडून प्रेरणा येत नाही, प्रसाद येतो. मेहुण्यानं मला दौंडला बोलावलं आणि भीमेच्या पलीकडं सिद्धटेकला नेलं. पूर्वी नदी होडीनं ओलांडायला लागायची, आता पूल आहे. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती हा एकटाच. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याच्याकडं सवलत नाही. आणि टेकडीला लागून देऊळ असल्यामुळं प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीलाच घालायची.

इथं मेहुण्यानं माझाच इतिहास मला ऐकवला. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके. त्यांचं सेनापतिपद गेलं तेव्हा ते इथं आले, एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या, आणि एकविसाव्या दिवशी सेनापतिपद परत मिळाल्याचा निरोप आला, असं सांगतात. म्हणजे चारशे एकेचाळीस प्रदक्षिणा. मी टेकडीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि विचार केला की हरिपंतांचं सेनापतिपद गेलं होतं; माझं काय गेलंय? उलट मला चौऱ्याण्णव किलो मिळालेत.

तरी निघालो. पाव टेकडी झाली तेव्हा पायात काटा गेला. अर्ध्यावर गेलो तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, इथून पुढं गेलं काय आणि मागं गेलं काय, अंतर सारखंच." माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग, जिथं माघार घेण्यात आणि पूर्ण करण्यात चालण्याचा एक पाऊलसुद्धा फरक नव्हता. तरीही मी मागं फिरलो. का फिरलो हे मला अजून सांगता येत नाही. सवय असते एकेकाची. अर्धी प्रदक्षिणा उलटी घातली म्हणजे ती फिटते की अंगावर येते, हे मी कुणाला विचारलं नाही. हरिपंतांना एकविसाव्या दिवशी निरोप आला. मला तिसऱ्या दिवशीच आला. शाळेतून. कसल्याशा प्रशिक्षणासाठी सुट्टी रद्द.

आता थोडं इनामगावबद्दल सांगतो, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. इनामगाव आमच्या शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची अख्खी वस्ती वर काढली. घरं, चुली, धान्य, सगळं. तिथं मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. मेलेल्यानं उठून हिंडू नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. (म्हणजे निदान मेल्यावर तरी माणसाला सकाळी फिरायला न लावण्याचा सुज्ञपणा आमच्या तालुक्यात तेव्हा होता.) आणि वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, धान्याच्या कोठारासकट. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा एक रांजण होता. त्या रांजणात एक माणूस होता. मांडी घालून बसवलेला. गावचा मुख्य असावा.

हा धडा मी फार रंगवून शिकवतो. फळ्यावर रांजण काढतो, त्याला चार पाय काढतो, आत मांडी घातलेला माणूस काढतो. पोरं वर्षभर बाकी सगळं विसरतात, रांजण विसरत नाहीत.

२१ जून आला. २०१५ पासून हा योगदिन सुरू झाला आणि तेव्हापासून शाळेत माझी एक युक्ती ठरलेली आहे : माइक मी धरतो. माइक धरणाऱ्याला आसनं करावी लागत नाहीत. 'श्वास घ्या... सोडा... आता दोन्ही हात वर...' असं म्हणत मी दरवर्षी उभ्या उभ्या तीनशे पोरांना घाम फोडतो. यंदा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही चार महिने साधना करताय असं वहिनींकडून कळलं. यंदा समोर बसून करून दाखवा." आणि माइक त्यांनी घेतला. तेही माझ्यासारखेच निघाले.

बसलो. पाच मिनिटं साधी मांडी निभावली. मग मुख्याध्यापकांनी पद्मासन पुकारलं. उजवा पाय डाव्या मांडीवर नेण्यासाठी मी तो दोन्ही हातांनी उचलला, चुलतभावाची गोणी उचलावी तसा. गेला. डावा पाय उजव्या मांडीवर कसा गेला ते मला ठाऊक नाही. पण गेला, आणि समोरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी जमलं होतं. मी डोळे मिटले. चेहऱ्यावर तेज आणलं. खरं सांगतो, दोन मिनिटं फार छान वाटलं.

मग सगळे उठले आणि मी उठलो नाही. पाय सुटेनात. उजवा सोडवायला डावा हलवायला हवा आणि डावा सोडवायला उजवा. मुख्याध्यापक माइकवरून म्हणाले, "सर अजून ध्यानात आहेत, शांतता राखा." तीनशे पोरं शांत झाली. त्या शांततेत नववीतला, इनामगावहून येणारा एक मुलगा पहिल्या रांगेतून अगदी काळजीच्या आवाजात म्हणाला :

"सर, रांजण आणू का?"

पुढचं वर्णन करत नाही. दोघांनी खांदे आणि दोघांनी पाय धरून मला सोडवलं. हमालाचा अंदाज बरोबर होता. चार जणच लागले.

शरीर झालं, मन झालं. आत्म्याची एक संधी अजून शिल्लक होती. तुकोबांची पालखी. ती दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम. यवत ते वरवंड एक दिवस चालायचं ठरवलं. यवतपर्यंत एस.टी.नं गेलो, म्हणजे चालण्याआधी दमायला नको. आता यवतला पालखीच्या मुक्कामी पिठलं-भाकरीचा बेत असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ते पिठलं गावानं मिळून केलेलं असतं आणि वाढणारा 'घ्या माउली' म्हणतो. 'घ्या सर' म्हटलं तर नको म्हणता येतं. माउलीला नको म्हणता येत नाही. मी चार वेळा माउली झालो.

दुसऱ्या दिवशी निघालो. दर फर्लांगाला कुणी चहा देतंय, कुणी केळी, कुणी राजगिऱ्याचा लाडू. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या एक आजी मला मागं टाकून पुढं गेल्या, मग थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि कनवटीचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "दमलास, लेकरा. खा." त्या देहूपासून चालत होत्या. मी कालच्या पिठल्यापासून.

दुपारी फोन वाजला. सौभाग्यवती.

"अहो, कुठं पोचलात?"

"चौफुल्याला."

पलीकडं एकदम शांतता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : चौफुला म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौक, पालखीच्या वाटेवरच येतो. पण पंचक्रोशीत चौफुला म्हटलं की माणसाला पालखी आठवत नाही, लावणीची कला केंद्रं आठवतात.

"एकटेच आहात?" तिनं विचारलं.

"छे छे, लाखभर माणसं आहेत."

"टाळ वाजवून दाखवा."

शेजारच्या बुवांना विनंती करून मी फोनवर टाळ ऐकवला. "ढोलकी नाहीये ना?" असं विचारून तिनं ठेवला. वरवंडला पोचेपर्यंत पायांना फोड आले होते. कुणीतरी म्हणालं उद्या रोटी घाट. मला वाटलं उद्याही जेवणच आहे. मेहुणा मोटारसायकल घेऊन आला होता, त्यानं खुलासा केला की रोटी हे गाव आहे आणि घाट चढायचा असतो. मी गाडीवर मागं बसलो.

त्या रात्री दौंडला मुक्काम केला. मेहुण्याची रात्रपाळी होती, तो ड्युटीवर गेला. पहाटे चार चाळीसला फोन वाजला. सूर्य, कमळ, 'उठलात का, दाजी?' फोडांमुळं मी जागाच होतो. चार महिन्यांत पहिल्यांदा उलट उत्तर पाठवलं : 'उठलोय. तू रोज इतक्या पहाटे कसा उठतोस?'

उत्तर आलं : 'उठतो कुठला? ड्युटीवर ह्याच वेळेला डोळा लागतो. झोप यायला लागली की मी सगळ्यांना प्रेरणा पाठवतो.'

सकाळी तो घरी आला, पोहे खाल्ले, आणि दुपारी दोनपर्यंत झोपला. त्याच्या बायकोनं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी नवाच्या आत उठवलेलं त्याला चालत नाही. त्याचं पोट मी ह्याआधी नीट बघितलं नव्हतं. झोपल्यावर दिसलं. नग १, आणि मला मागं टाकणारा.

तो उठल्यावर मला सोडायला स्टेशनच्या बाजूनं आला. वर्षानुवर्षं पुण्याकडून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्या दौंडला थांबायच्या, पुढचं इंजिन काढायचं, मागच्या बाजूला लावायचं, आणि गाडी आली तशी उलटी निघायची. डब्यातल्या माणसानं जागा बदलायची नाही, फक्त तोंड असायचं तिकडं पाठ व्हायची. हा खेळ बघतच मेहुणा मोठा झाला. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या दौंड स्टेशनात न शिरता परस्पर जातात, ते त्याला फार लागलंय. "दाजी," तो म्हणाला, "इंजिन बदलायलाच माणूस दौंडला यायचा." त्याच्यावर रागवायचं ठरवून आलो होतो. तिथल्या चहाबरोबर वडापाव होता. राग राहून गेला.

गेल्या आठवड्यात पुन्हा मार्केट यार्डात गेलो. कांदा नव्हता, काम नव्हतं, काटा रिकामा होता. तोच मापाडी. चढलो. त्यानं आकडा वाचला, जुना आकडा त्याच्या बरोबर लक्षात होता.

"सत्त्याण्णव. माल वाढलाय, सर. भाव तोच आहे."

हमालानं काही म्हटलं नाही. नुसता खांद्यावरचा टॉवेल झटकला.

जाता जाता एक विनंती. शिरूर कासारला कुणी जाणार असेल तर त्या गृहस्थांना एवढं सांगा : चटई परत पाठवायची घाई करू नका, पुढच्या वर्षीच्या वाळवणालाही वापरा. फक्त ह्या वर्षीच्या कुरडया झाल्या असतील तर चार इकडं धाडा. पत्ता लिहिताना शिरूरपुढं घोडनदी आठवणीनं लिहा, नाहीतर त्या लातूरला जातील.